राग, काळजी आणि शरीराचं वय: काय झिजतं, काय भरून येतं

प्रश्न गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका ४७ वर्षांच्या बाईंचा आहे. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं त्या एकट्या करतात. आईकडे ढुंकून न बघणारे दीर घराचा आणि भाटाचा (बागायतीचा) वाटा मात्र मागतात, आणि ते प्रकरण कोर्टात आहे. झोप तुटक, केस भराभर पांढरे, चेहरा ओढलेला, जिना चढताना दम. चवथीला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी तोंडावरच म्हटलं, ‘कितली म्हातारी दिसता गो तूं!’ त्यांनी विचारलंय: मनात साठलेल्या रागाने शरीर खरंच लवकर म्हातारं होतं का? झालेलं परत येतं का? आणि रक्तातून ‘खरं वय’ सांगणारी ती महागडी तपासणी करावी का?

खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. तुम्हाला आज जे दिसतंय त्यातलं रागाचं किती, जागरणाचं किती, पाळी जाण्याच्या काळाचं किती आणि साध्या गोळीने बरं होणाऱ्या आजाराचं किती? ही वाटणी न करता ‘सगळं टेन्शनमुळे’ म्हणणं हे डॉक्टरांनाही सोपं पडतं आणि घरच्यांनाही. तुमचं वजन, रक्तदाब, घराण्यातला मधुमेह, पाळीची स्थिती यातलं काहीच प्रश्नात नाही, त्यामुळे खालचं काही तुम्हाला लागू पडेल, काही नाही.

आधी राग शरीरात करतो काय ते पाहू. धोका जाणवला की मेंदूतून हुकूम सुटतो, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन आणि मागोमाग कॉर्टिसॉल सोडतात. नाडी वाढते, साखर रक्तात उतरते, पचन आणि दुरुस्तीची कामं बाजूला पडतात. हे वाईट नाही, यानेच माणूस वाचतो. कॉर्टिसॉलला रोजची लयही आहे: उठल्यावर साधारण अर्ध्या तासाने शिखर, मध्यरात्रीच्या सुमाराला तळ. बिघडतं ते चढलेलं उतरत नाही तेव्हा. रात्री दीड वाजता तुम्ही अंधारात पडून, दिराला पुढच्या तारखेला काय सुनवायचं ते वाक्य मनात सहाव्यांदा जुळवत असता. दीर आपल्या घरी घोरत असतो, पण तुमच्या शरीराच्या लेखी तो खोलीत उभा आहे. दाब खाली यायचा ती वेळ, दुरुस्तीची ती वेळ, आणि शरीर मात्र भांडणात. मराठीत याला ‘उगाळणं’ म्हणतात. प्रत्यक्ष भांडण महिन्यातून एकदा होत असेल, उगाळणं रोज होतं, आणि वय वाढवण्याच्या हिशोबात मला तेच जास्त महाग पडताना दिसतं.

याला पुरावा आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात २८० निरोगी तरुणांना गटांत विभागलं. एका गटाला राग आणणारी आठवण फक्त ८ मिनिटं काढायला सांगितली. त्यानंतर रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता ४० मिनिटांपर्यंत घटलेली दिसली. काळजीची आठवण काढणाऱ्यांत किंवा उदास वाक्यं वाचणाऱ्यांत तसा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे ‘नकारात्मक भावना’ हे एकच गाठोडं नाही, रक्तवाहिन्यांवर रागाचा हात जड दिसतो. दिवसातून पाच वेळा आठवण काढली तर पाच गुणिले चाळीस, असा हिशोब त्या प्रयोगात कुणी केलेला नाही, तेव्हा मीही तो छातीठोकपणे मांडणार नाही. पण आतलं अस्तर वर्षानुवर्षं असं वारंवार आखडत राहिलं तर ते कडक होत जाईल, हे अनुमान वावगं नाही. रागाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता दुपटीहून थोडी जास्त होते, हे १९९५ पासून माहीत आहे. निरोगी बाईच्या बाबतीत मुळातली शक्यताच इतकी लहान असते की दुप्पट होऊनही ती लहानच राहते. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या साठीच्या माणसाचं तसं नाही.

तुमच्या परिस्थितीला सगळ्यात जवळचा अभ्यासही १९९५ चाच आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, तो भार नसलेल्या १३ स्त्रिया. दोघींच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली. ज्यांच्यावर शुश्रूषेचा भार नव्हता त्यांची सरासरी ३९ दिवसांत भरली, दुसऱ्यांची सुमारे ४९ दिवसांत. म्हातारपण म्हणजे व्यवहारात दुरुस्तीचा वेग मंदावणं, आणि इथे तो दहा दिवसांच्या फरकाने डोळ्यांना दिसतो. पुढे २००३ मध्ये त्याच संशोधक गटाने सहा वर्षांचं निरीक्षण मांडलं: जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ हे दाह दाखवणारं द्रव्य इतरांच्या सुमारे चौपट वेगाने वाढत होतं, आणि जोडीदार गेल्यावरही काही वर्षं तो वेग उतरला नाही. हा दाह म्हणजे सर्दी-तापातला नव्हे. धग जाणवत नाही असा, मंद, वर्षानुवर्षं चालणारा. हृदयविकार, मधुमेह, हाडं-स्नायूंची झीज यांच्याशी त्याचा संबंध आहे. म्हणून ‘सासूबाई आहेत तोवर रेटते, नंतर बघू’ हा बेत मला पसंत नाही.

आता ती महागडी तपासणी. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची टोपणं असतात, पेशी विभागताना ती झिजतात. त्यांचं संरक्षण कसं होतं या शोधाला २००९ चं नोबेल मिळालं. त्या मानकऱ्यांपैकी एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांचा २००४ च्या एका अभ्यासात सहभाग होता. ५८ माता, त्यातल्या बऱ्याच जणी दीर्घ आजारी मुलांची काळजी घेणाऱ्या. सर्वाधिक ताण जाणवणाऱ्या स्त्रियांची टेलोमिअर किमान दहा वर्षांनी मोठ्या असल्यासारखी आखूड निघाली. ‘ताणाने दहा वर्षं म्हातारपण’ हे जे वाक्य सगळीकडे फिरतं त्याचं मूळ हे. पण त्यातली कामाची गोष्ट कुणी सांगत नाही. आजारी मूल असणाऱ्या आणि नसणाऱ्या यांच्या सरासरीत फरक नव्हता. फरक पडला तो ताण किती जाणवतो आणि शुश्रूषेला किती वर्षं झाली यावर. आणि ही गटाची सरासरी आहे. एका माणसाचं टेलोमिअर मोजून त्याच्याबद्दल काही ठरवता येत नाही, प्रयोगशाळा बदलली की आकडा बदलतो, आणि आकडा कळला तरी उपचार तोच राहतो. डीएनएवरच्या रासायनिक खुणा मोजणारी ‘घड्याळं’ संशोधनात जास्त उपयोगी आहेत, घरगुती निर्णयाला नाहीत. पैसे राखून ठेवा.

केसांचं उत्तर थोडं गमतीचं आहे. २०२० मध्ये उंदरांवर दिसलं की तीव्र ताणात चेतातंतूंतून सुटणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन केसाच्या मुळाशी असलेल्या रंगपेशींचा साठाच संपवतं. साठा संपला की तो केस पांढराच. पण २०२१ मध्ये माणसांच्या एकेका केसाच्या लांबीवर रंग मोजला गेला (केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे तो एक प्रकारची डायरीच) आणि काही केस ताणाच्या काळात पांढरे होऊन सुट्टीत परत काळे झालेले सापडले. हे होतं ते नुकतेच, उंबरठ्यावर पांढरे झालेल्या मोजक्या केसांत. पाच वर्षांपूर्वी पांढरी झालेली बट काळी होणार नाही. आणखी एक: मोठ्या ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, त्यात काळे जास्त गेले तर उरलेले पांढरे एकदम उठून दिसतात. ‘भराभर पांढरे’ मागे हेही असतं. चेहऱ्याबद्दल एवढंच सांगते की आपल्याकडचं ऊन, स्कूटरवरची दुपार आणि अपुरी झोप यांचा वाटा रागापेक्षा मोठा असण्याची शक्यता आहे. एसपीएफ ३० चं मलम दोन बोटांवर लांब रेघ येईल इतकं, चेहरा आणि मानेला. चिमूटभर लावून उपयोग नाही.

जिना चढताना लागणारा दम मात्र मनाच्या खात्यावर टाकू नका. ४७ हे आपल्याकडे पाळी जाण्याच्या आसपासचं वय. त्या काळात अंगावरून जास्त जातं, हिमोग्लोबिन उतरतं, आणि दम, धडधड, ओढलेला चेहरा, चिडचिड या सगळ्याचा उलगडा त्या एका कारणाने होऊ शकतो. थायरॉइड मंदावला तर थकवा, केसगळती, सुस्ती. बी-१२ कमी पडलं तर थकवा, मुंग्या, विसराळूपणा, आणि अकाली पांढऱ्या केसांशीही त्याचा संबंध दिसतो. गरम वाफा येऊन रात्री जाग येते, दोष मात्र दिरावर जातो! तेव्हा पहिली फेरी अशी: हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्तातल्या चरबीची तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि एक इसीजी. एचबीएवनसी ५.७ टक्क्यांच्या खाली असेल तर ठीक, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. रक्तातलं कॉर्टिसॉल हौसेने मोजू नका. सकाळी आठचा आणि संध्याकाळी पाचचा आकडा वेगळाच येतो आणि सुई बघूनही तो वाढतो. त्या तपासणीची जागा वेगळ्या, दुर्मीळ आजारांत आहे.

रक्तदाब घरी मोजा, आणि नीट मोजा. दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. अर्धा तास आधी चहा नाही, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसणं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत टेबलावर. एक मिनिटाच्या अंतराने दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. १३५/८५ किंवा वर आली तर डॉक्टरांना दाखवा. वकिलाचा फोन ठेवल्या ठेवल्या घेतलेला आकडा वहीत वेगळ्या शाईने लिहा, सरासरीत धरू नका. पण तो फरक बघण्यासारखा असतो.

शरीराचं वय मोजायचंच असेल तर फुकटचं माप आहे. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उभं राहा आणि बसा, वेळ मोजा. आशियाई निकषानुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद उतरली आहे. सहा मीटर नेहमीच्या चालीने चाला, सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर तेही तसंच. कंबर बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर नको. हे आकडे टेलोमिअरपेक्षा बरंच काही सांगतात, आणि बदलता येतात.

आतापर्यंतचं एका वाक्यात: रागाचा थेट परिणाम खरा आहे, तो मुख्यतः उगाळण्याच्या कालावधीवर अवलंबून आहे, आणि त्याच्या जोडीला आडवाटेने होणारं नुकसान असतं. ही आडवाट म्हणजे तुटलेली झोप, चालणं बंद, उभ्या उभ्या चहा-बिस्किटांवर काढलेली दुपार, तारखेच्या आठवड्यात चुकलेल्या गोळ्या. पुरुषांत त्यात दारू येते. झोप लागावी म्हणून घेतलेल्या दोन पेगांनी डोळा लवकर मिटतो खरा, पण रात्रीचा उत्तरार्ध कापला जातो. उर्राकाच्या (काजूच्या हंगामी दारूच्या) दिवसांत ‘साधंच आहे ते’ म्हणून हे प्रमाण कसं वाढतं ते गोव्यात कुणाला सांगायला नको.

करायचं काय? ‘माफ करून टाका’ हे मी सांगणार नाही. राग रास्त असू शकतो, हक्कही सोडायचा नाही. फक्त त्याची वेळ ठरवायची. रोज दुपारी साडेचारला २० मिनिटं, टेबलावर, कागद-पेन घेऊन. कागदावर दोन रकाने: या आठवड्यात मला करता येण्यासारखं, आणि माझ्या हातात नसलेलं. पहिल्यात ‘वकिलाला दस्ताच्या नकलेबद्दल विचारणे, मंगळवार’ इतकं ठोस हवं. दुसऱ्यात काहीही लिहा, शिव्यासुद्धा. वेळ संपली की वही कपाटात. रात्री विचार आला की त्याला हाकलायचं नाही, ‘उद्या साडेचारला’ असं सांगायचं. पहिला आठवडा हे हास्यास्पद वाटतं आणि विचार थोडे वाढतातही, तिथे बहुतेक जण सोडतात. दोन ते तीन आठवडे द्या. नेहमी होणाऱ्या चुका दोन. एक, ही वही अंथरुणात घेऊन बसणं. दुसरी, त्याऐवजी बहिणीला रोज फोन करून तेच ते सांगणं. बोलून मोकळं होणं निराळं आणि दोघींनी मिळून उगाळणं निराळं. फोन ठेवल्यावर पुढचं पाऊल सुचलं का, एवढं बघा. वकिलाचे निरोप आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे संदेश ठरावीक दोन दिवशीच उघडा. गोव्यात वारसांबरोबर त्यांचे जोडीदारही इन्व्हेंटरीत (वारसांमधल्या वाटणीच्या कोर्ट-प्रकरणात) पक्षकार असतात, त्यामुळे ‘ते माझ्या नवऱ्याचं प्रकरण’ म्हणून अंग काढून घेणं तुम्हाला जमणार नाही. निदान सगळे कागद एका फायलीत आणि फाइल झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवा.

अंग तापलेलं असताना श्वास कामी येतो. नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा, पाच ते दहा मिनिटं. लांब उच्छ्वासाबरोबर नाडी मंदावते, ते मनगटावर बोट ठेवून तुम्हालाच कळेल. ‘दीर्घ श्वास’ म्हणून छाती फुगवून भरपूर हवा ओढली तर कार्बन डायऑक्साइड उतरून गरगरतं, हातापायांना मुंग्या येतात, आणि माणूस अजून घाबरतो. श्वास छोटाच, फक्त संथ.

झोपेला एक खुंटी पुरते: उठायची वेळ सातही दिवस तीच. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात दुसरीकडे बसा, डोळे जड झाले की परत. चहा दुपारी दोननंतर नको. वामकुक्षी हा गोमंतकीयांचा हक्क आहे, तो काढून घेत नाही, पण अर्ध्या तासात आणि तीनच्या आत उरकायची. सासूबाईंना रात्री कूस बदलायला उठावं लागत असेल तर हे सगळं कोलमडतं. तेव्हा आठवड्यातल्या किमान दोन रात्री दुसऱ्या कुणीतरी, नवऱ्याने किंवा पगारी बाईने, घ्यायच्या. हे मागायला जड जातं याची कल्पना आहे. पण शुश्रूषा करणाऱ्यांच्या रक्तातल्या दाहाचा वरचा चौपटीचा आकडा आठवा.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं. पावसाचे चार महिने देवळाच्या आवारात किंवा घराच्या बलकांवात (व्हरांड्यात) फेऱ्या चालतील. चालण्याने स्नायू पुरेसे राखले जात नाहीत, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीतून उठबस दहाच्या तीन फेऱ्या आणि भिंतीवर हात टेकून जोर. प्रथिनं वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम. मध्यम बांगड्यातून १५ ते २० ग्रॅम मिळतात, अंड्यातून ६. सोमवारी आणि श्रावणात भात-सोलकढीवर भागवू नका, वाटीभर मुगाचं किंवा वाटाण्याचं तोणाक (रस्सा) हवंच.

दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर हा नुसता ताण नव्हे, नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. गोव्यात याची मोठी परंपरा आहे. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या संस्थेने प्रशिक्षित केलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत नैराश्य कमी करून दाखवलं. ती चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या दुसऱ्या एका चाचणीत ६० वर्षांवरच्या, लक्षणं असलेल्या पण नैराश्यात न गेलेल्या लोकांना प्रश्न सोडवण्याची पद्धत शिकवली. वर्षभरात ९१ पैकी ४ जणांना नैराश्य आलं, न शिकवलेल्या ९० पैकी १३ जणांना. बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, आणि १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास चालतो. जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं तर त्याच दिवशी फोन करा.

आणि छातीत दुखलं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, घाम फुटला, तर ‘टेन्शन आहे’ म्हणून पडून राहू नका. पाळी गेलेल्या बायकांत जबर धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगून तंतोतंत झटक्यासारखं चित्र होतं. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास त्याला आठपायी माकूल पकडायच्या मडक्याचं नाव दिलं, ताकोत्सुबो. हे मडकं की खरा झटका हे घरी बसून कुणालाच सांगता येत नाही. १०८ लावा.

परत काय येतं, हा शेवटचा भाग. २०२३ मध्ये दिसलं की खुब्याच्या हाडाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर डीएनएच्या खुणांवरून मोजलेलं वय एका दिवसात वर गेलं आणि आठवड्याभरात मूळ जागी आलं. म्हणजे हा आकडा एकाच दिशेने चालत नाही. माझ्या अनुभवात झोप तीन-चार आठवड्यांत सुधारते, रक्तदाब तिच्या मागोमाग थोडा उतरतो, पायांची ताकद आठ ते बारा आठवड्यांत खुर्चीवर दिसते. पांढरे झालेले केस आणि रक्तवाहिनीत बसलेला थर यांची आशा धरू नका. एचबीएवनसी तीन महिन्यांनीच पुन्हा करा. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्याआधीचा आकडा अजून बराचसा जुन्याच दिवसांचा असतो.